उडता न येणाऱ्या गरुडाचे पाय

अमेरिकेत प्राणिशास्त्र शिकताना मी एका प्राणिसंग्रहालयात इंटर्न होते. तिथे दोन बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे अमेरिकी गरुड होते, दोन्ही जखमी सापडलेले. मादीच्या पंखाचं हाड वाकडं जुळलं होतं, त्यामुळे तिला परत सोडणं शक्य नव्हतं. या कामात येणारे बहुतेकजण चोच, डोळे, पंख बघत राहतात. मी म्हणेन, आधी पाय बघायला शिका.

उडता येत नाही म्हणजे पक्षी दिवसभर उभाच. चार-पाच किलोचा भार रोज त्याच जागी पडला की तळव्याची खरखरीत कातडी गुळगुळीत, गुलाबी होते, मग सुजते. दुर्लक्ष झालं तर संसर्ग हाडापर्यंत जातो. याला बंबलफूट म्हणतात. म्हणून बसायच्या दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात, काहींवर कृत्रिम हिरवळ गुंडाळलेली असते. पक्षी एक पाय उचलून पोटाशी घेतो तेवढ्यात दुर्बिणीतून तळवा बघून घ्यायचा आणि लगेच वहीत लिहायचं.

आमची मादी पायऱ्या चढावी तशी उड्या मारत वर जायची. एकदा साफसफाईनंतर मी मधली दांडी हातभर दूर बसवली. तिने नेहमीच्या अंदाजाने उडी घेतली, एकच पंख धड उघडला आणि ती छातीवर आपटली. तिला लागलं नाही, पण तो आवाज मी विसरलेले नाही. त्यानंतर टेपने अंतर मोजल्याशिवाय मी पिंजऱ्याबाहेर पडले नाही.

खाण्याचं म्हणाल तर फ्रीझरमधल्या माशांत बी-1 जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून त्याची गोळी माशाच्या कल्ल्यात सरकवून देतात. उरलेलं खाणंही वजन करून लिहायचं.

गळलेलं पीस आठवण म्हणून घरी नेऊ नका. 1940 च्या कायद्याने ते गुन्हा आहे. अशी पिसं कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय भांडारात जातात आणि तिथून मूलनिवासी जमातींच्या सदस्यांना धार्मिक विधींसाठी मिळतात. कायदा कडक वाटतो, पण 1963 साली अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकी मुख्यभूमीवर जेमतेम 417 जोड्या घरटी करत होत्या. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत होती. 1972 मध्ये त्यावर बंदी आली आणि 2007 मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. आजही शिकाऱ्यांनी टाकलेल्या हरणाच्या आतड्यांतून बंदुकीच्या गोळीतल्या शिशाचे कण पोटात जाऊन गरुड आजारी पडतात.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर काम बिनपगारी असलं तरी आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. आणि मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: इथे पायांची नोंद किती दिवसांनी होते?