स्टुडिओचे सिनेमे आणि कमाई वर्षानुवर्षं कशी तपासायची

इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आला की पणजीत जिथे जाल तिथे सिनेमाच्याच गप्पा. गेल्या वेळी शो सुटल्यावर रस ऑम्लेटच्या गाड्यावर उभे होतो आणि माझा भाचा ठासून सांगत होता की मामा, ती टॉय स्टोरीवाली अमेरिकन ॲनिमेशन कंपनी पिक्सार संपली, आता तिचे सिनेमे चालत नाहीत. मी म्हटलं चल आकडेच काढूया. फोंड्याला घरी येऊन दोघं लॅपटॉप घेऊन बसलो, त्यातून जे हाती लागलं ते सांगतो, तुम्ही कुठलाही स्टुडिओ घेतलात तरी पद्धत हीच.

पहिल्यांदा करताना सिनेमे कमी असलेला स्टुडिओ घ्या. पिक्सारचे 1995 ते 2025 फक्त 29 आहेत, एका बैठकीत होतात. बॉक्स ऑफिस मोजो किंवा द नंबर्स या कमाईचे आकडे देणाऱ्या साइटवरून आकडे घ्या आणि स्प्रेडशीटमध्ये एका सिनेमाला एकच ओळ द्या. नाव, रिलीजची पूर्ण तारीख, बजेट, पहिल्या वीकेंडची कमाई, डोमेस्टिक, जगभरची, एवढे कॉलम पुरे. डोमेस्टिक म्हणजे तिथे अमेरिका आणि कॅनडा मिळून, हे विसरू नका. पेस्ट केल्यावर आकडा सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेला दिसला तर समजा शीट त्याला आकडा नाही, मजकूर धरतेय, बेरजेत तो येणारच नाही, आणि शीट तुम्हाला काही सांगणारही नाही.

आता मी केलेली चूक. सोल, लुका आणि टर्निंग रेड हे तिन्ही कोविडच्या काळात अमेरिकेत सरळ ओटीटीवर आले, मी त्यांच्यापुढे शून्य टाकलं आणि सरासरी अशी कोसळली की भाच्याचंच खरं वाटायला लागलं. शून्य म्हणजे थिएटरात लागला आणि कोणी आलं नाही. हे तर तेव्हा तिथे लागलेच नव्हते, म्हणून सेल रिकामा ठेवायचा आणि बाजूला ओटीटी लिहायचं. री-रिलीजचंही तसंच, फाइंडिंग नीमोने 2003 मध्ये जगभरात साधारण 87 कोटी डॉलर केले आणि 2012 च्या थ्रीडी रिलीजनंतर तो आकडा 94 कोटींवर गेला, त्यामुळे वर्षांची तुलना करताना पहिल्या रिलीजचाच आकडा धरा.

खरी गंमत तिकिटाच्या दरात आहे. पहिल्या टॉय स्टोरीने 1995 च्या रिलीजमध्ये डोमेस्टिक सुमारे 19.2 कोटी डॉलर केले, 2019 च्या चौथ्या भागाने 43.4 कोटी. दुपटीपेक्षा जास्त ना? पण 1995 मध्ये तिकीट सरासरी 4.35 डॉलर होतं आणि 2019 मध्ये 9.16. भागून बघा, 4.4 कोटी तिकिटं आणि 4.7 कोटी तिकिटं, म्हणजे माणसं जवळजवळ तेवढीच आली. लहान मुलांचं तिकीट स्वस्त असतं त्यामुळे हा अंदाजच आहे, पण नुसत्या डॉलरपेक्षा खूप बरा. मी हा तिकिटांचा कॉलम कधीच सोडत नाही.

दुसरा कॉलम म्हणजे एकूण डोमेस्टिक भागिले पहिला वीकेंड. लाइटइयरने पहिल्या वीकेंडला 5.06 कोटी घेतले आणि 11.8 कोटींवर थांबला, म्हणजे 2.3 पट. पुढच्याच वर्षी 2023 ला एलिमेंटल फक्त 2.96 कोटींवर उघडला, लोकांनी त्याला पडला म्हणून टाकलं, पण तो हळूहळू चालत 15.4 कोटींवर गेला, 5.2 पट! लोक एकमेकांना सांगून पाठवत होते हे आकड्यातच दिसतं. म्हणून पहिल्या सोमवारी निकाल लावू नका.

मग भाच्याने ओळी रंगवल्या, जुन्या नावावर आलेले पिवळे, नव्या कथेचे निळे, आणि कोविडनंतरचं चित्र एकदम स्पष्ट झालं. 2024 चा इनसाइड आउट 2 जगभरात 169 कोटींच्या वर, स्टुडिओचा सगळ्यात मोठा. 2025 चा एलिओ मात्र 2.1 कोटींच्या आसपास उघडला, स्टुडिओची सगळ्यात लहान ओपनिंग. संपली असं म्हणता येत नाही, नव्या कथेला पहिल्या वीकेंडला गर्दी होत नाही असं म्हणता येतं. भाचाही मग तेवढं मान्य करून गेला.

बजेटशी तुलना करताना सावकाश. तिकिटाचे साधारण अर्धे पैसे थिएटरवाले ठेवतात आणि जाहिरातीचा खर्च बजेटमध्ये धरलेला नसतो, त्यामुळे बजेटएवढी कमाई म्हणजे खर्च सुटला असं नाही.

हेच आपल्या हिंदी-मराठी बॅनरसाठी करणार असाल तर ग्रॉस आणि नेट कधी एका कॉलमात टाकू नका, नेटमधून टॅक्स वजा झालेला असतो, आणि जुलै 2017 ला जीएसटी येण्यापूर्वी करमणूक कर राज्यागणिक वेगळा होता. शिवाय आपलं गोवा मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे सिनेमा वितरणाच्या त्या विभागात, मोजतात, गुजरातसकट, तेव्हा त्या कॉलमाला महाराष्ट्र नाही, मुंबई सर्किट असंच नाव द्या.