इलेक्ट्रिक की पेट्रोल? प्रदूषणाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

कोराडी, मौदा, तिरोडा, चंद्रपूर, पारस. राज्यभराच्या विजेसाठी कोळसा आपल्या विदर्भात उशाशी जळतो. इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब इथे तरी अर्धवट नको.

सायलेन्सरमधून धूर नाही म्हणजे प्रदूषण नाही, ही पहिली चूक. इलेक्ट्रिक गाडीच्या विजेचा धूर चिमणीतून निघतो. राख आणि गंधकाचे वायू औष्णिक केंद्राभोवतीच्या गावांवर पडतात. पुण्या-मुंबईतल्या गाडीच्या हिशेबातही त्यांचा रकाना वेगळा हवा. कार्बनच्या आकड्यात तो दिसतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उलटी चूकही तितकीच होते: "कोळशाचीच वीज, मग फरक काय?" फरक आहे. ग्रिडच्या, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याच्या, एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. छोटी गाडी युनिटला ७ किलोमीटर चालली, तर वाटेतली गळती धरून किलोमीटरला सुमारे १२५ ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळताना २.३ किलो निघतो; तेल उपसणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं धरलं की पावणेतीनच्या आसपास. १८ चा ॲव्हरेज देणारी गाडी म्हणजे किलोमीटरला दीडशेच्या थोडं वर.

पण गाडी वर्षाला किती चालणार, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. ३० युनिटची बॅटरी बनतानाच साधारण दोन-अडीच टन वायू निघालेला असतो. बाकी गाडी सारखीच धरली, तरी किलोमीटरमागे ३० ग्रॅम वाचवत हे कर्ज फिटायला ७०-८० हजार किलोमीटर लागतात. यवतमाळ-वर्धा रोज सवाऱ्या नेणारी गाडी ते दोन वर्षांत फेडते. लग्न आणि दवाखान्यापुरती निघणारी गाडी वर्षाला ४ हजार चालली, तर अठरा-वीस वर्षं! अशा घरी जुनी गाडी नीट सर्व्हिसिंग करून वापरलेली बरी.

छतावरच्या सौर पॅनलवर दुपारी चार्ज केली, तर तेच कर्ज १५-२० हजार किलोमीटरमध्ये फिटतं. रात्री लावलेली गाडी मात्र ग्रिडचीच वीज घेते.

आकडे घेतानाही जपा. एकीकडे कंपनीने सांगितलेली रेंज आणि दुसरीकडे आपल्या रस्त्यावरचा ॲव्हरेज, अशी तुलना चालत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत एसी लावला की दोन्ही आकडे घसरतात. आणि इलेक्ट्रिक एसयूव्ही छोट्या पेट्रोल हॅचबॅकशेजारी उभी करू नका. बॅटरी मोठी, तितकं फेडायचं कर्जही मोठं.