इंग्लंडमध्ये घर घेताय? सॉलिसिटर (खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील) स्वतः शोधा

ऑफर मान्य झाली की इस्टेट एजंट लगेच "आमचाच सॉलिसिटर घ्या" म्हणून मागे लागतो, त्याला त्यात बऱ्याचदा रेफरल फी सुटते, पण तुमच्यावर काही बंधन नाही, दोन-तीन ठिकाणचे कोट स्वतः मागवा. आणि नुसती फी बघू नका हं, सर्चेस (कौन्सिल वगैरेंकडे घराबद्दल केलेली चौकशी), लँड रजिस्ट्रीची म्हणजे मालकी नोंदवायची फी, बँक ट्रान्सफरचे चार्जेस, फ्लॅट लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक वर्षांच्या लीजवर) असेल तर त्याचे जादा पैसे, सगळं धरून आकडा विचारा. मॉर्गेज देणाऱ्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, ते आहेत ना हे पहिल्याच फोनला विचारायचं.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते पैसे कुठून आले यावर. आईबाबांनी एफडी मोडून पुण्याहून पाठवले असतील तर एफडीचे कागद, त्यांचं बँक स्टेटमेंट, आणि पैसे गिफ्ट आहेत, परत मागणार नाही असं त्यांच्या सहीचं पत्र, हे सुरुवातीलाच सॉलिसिटरला देऊन टाका, नाहीतर एक्स्चेंजच्या (दोन्ही बाजूंचा करार पक्का होण्याच्या) तोंडावर तिकडे बाबा बँकेत खेटे घालतायत आणि इकडे विकणारा वैतागलाय असं होतं. एक्स्चेंजपर्यंत दोन्ही बाजूंना माघार घेता येते, सो तोवर सोफा बुक करू नका :)

डिपॉझिट भरायच्या वेळी सॉलिसिटरच्या नावाने "आमचा अकाउंट नंबर बदललाय" असा मेल आला तर पैसे पाठवू नका, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारा, मेलमधल्या नंबरवर नाही.