अंतरा इंजेक्शन: तारीख सांभाळा

सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळतं. पाळीच्या पहिल्या 7 दिवसांत घेतलं तर लगेच लागू पडतं. नंतर घेतलं, तर दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून पुढचे 7 दिवस निरोध वापरा. अंगावर पाजत असाल तर बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी.

दंडात किंवा कुल्ल्यावर 150 मिलिग्रॅमची सुई. ती जागा चोळू नका, शेकू नका; औषध लवकर शोषलं जाऊन असर आधीच ओसरतो.

पुढचा डोस 13 आठवड्यांनी. 10 जूनला घेतलात तर 9 सप्टेंबरला, म्हणजे बहुधा गणपतीची धांदल. 2 आठवडे आधी घेतलेला चालतो, उशीर जास्तीत जास्त 4 आठवडे. मुसळधार पावसात नदीवरची होडी बंद, एसटी रखडलेली, तेव्हा आधीच उरकलेलं बरं. 4 आठवड्यांहून उशीर झाला तर आधी दिवस गेलेत का याची तपासणी.

सुरुवातीला डाग पडतात, पुढे अनेकींची पाळीच थांबते. रक्त आत साठत नाही. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, एवढंच. मात्र दर तासाला पॅड भिजत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा. वजन वाढू शकतं. हाडांची घनता थोडी घटते, बंद केल्यावर बहुतांशी भरून येते.

स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार, 160/100 वा अधिक रक्तदाब किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे नको. वर्षभरात मूल हवं असेल तरीही नको: शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला 7 ते 10 महिने लागतात. एचआयव्हीपासून संरक्षण निरोधच देतो.