पोलिसांनी मारहाण केली तर: पुण्यात पहिल्या दिवसापासून काय करावं

मारहाणीचे वळ आठवड्याभरात फिके पडतात, आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. त्यामुळे सुटून आल्यावर सगळ्यात आधी डॉक्टर गाठा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात एमएलसी, म्हणजे मारहाणीसारख्या प्रकरणांत कायद्यासाठी होणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगा. भीतीपोटी ‘जिन्यावरून पडलो’ असं सांगितलंत, तर तेच कागदावर येतं आणि पुढे तेच तुमच्यावर उलटतं. कोणी, कशाने, कुठे मारलं ते सांगा. तळपायांवर पट्टे मारले असतील तर वरून फारसं दिसत नाही. पाय टेकताना कळ येते हे बोलून दाखवा, लिहून घ्यायला लावा. शेजारी पोलीस उभा असेल तर त्याला बाहेर थांबवण्याची विनंती डॉक्टरांना करा. घरी रोज फोटो काढा, एक चेहऱ्यासकट आणि एक जखमेच्या जवळून.

माणूस अजून कोठडीत असेल तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, तिच्या अहवालाची प्रत मागून घ्या. रिमांडच्या वेळी कोर्ट विचारतं, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ परत त्याच कोठडीत जायचंय म्हणून बहुतेक जण मान हलवून ‘नाही’ म्हणतात. ही भीती खरी आहे, पण बोलायची सगळ्यात मोलाची जागाही हीच. जखमा तिथेच दाखवा, नोंद घ्यायला आणि पुन्हा तपासणीला पाठवायला सांगा. वकिलाची फी परवडत नसेल तरी अडू नका. कोठडीतल्या प्रत्येकाला, तसंच महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा.

मग सीसीटीव्ही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण 18 महिने जपायला सांगितलं आहे, ते जमत नसेल तर किमान वर्षभर. तारीख आणि वेळ घालून ‘हे चित्रीकरण जपून ठेवा’ असा अर्ज लगेच द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तक्रार रजिस्टर पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा: शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात अधीक्षक, पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं. तरीही हालचाल नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कबुलीसाठी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 प्रमाणे गुन्हा आहे, शिक्षा 7 वर्षांपर्यंत, जबर दुखापत असेल तर 10.

यासोबतच राज्य मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर, मराठीत तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, मात्र घटनेपासून वर्षाच्या आत करा. पोलीस तक्रार प्राधिकरण हा आणखी एक मार्ग.

तक्रार गेली की ‘मिटवून टाका’ म्हणत कोणीतरी दारात येण्याची शक्यता असते. नाव, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवा, आणि वकिलाने वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.