समकालीन संगीत महोत्सव: एका संध्याकाळचा रंगमंच कसा आखावा

समकालीन संगीताच्या कार्यक्रमात प्रेक्षक कंटाळतो तो बहुधा दोन रचनांच्या मधल्या वेळात. एका रचनेला मायक्रोफोन लावलेलं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवादकांचा गट) लागतं, दुसरीला दोन तालवादक आणि त्यांची वीसेक वाद्यं, तिसरीला नुसते सहा स्पीकर आणि अंधार. प्रत्येक वेळी मंच रिकामा करून नव्याने मांडायचा म्हटलं, तर तासभर संगीतामागे अर्धा तास खुर्च्या ओढण्यात जातो. त्यामुळे रचनांचा क्रम आणि मंचाचा नकाशा ही दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच वेळी करायची असतात. क्रम आधी छापून नकाशा नंतर काढणाऱ्यांची संध्याकाळ हमखास लांबते.

आधी प्रत्येक रचनेचा कागद

निवड कोण करतं यावर सुरुवात ठरते. लंडनच्या साउथबँक सेंटरमधल्या मेल्टडाउन महोत्सवात १९९३ पासून निवडीची सूत्रं दर वेळी नव्या कलाकाराकडे दिली जातात. पहिल्या वर्षी ते संगीतकार जॉर्ज बेंजामिन होते, २००२ मध्ये रॉक गायक डेव्हिड बोवी. असा कलाकार तुम्हाला नावं देतो, खुर्च्यांची संख्या देत नाही. याउलट जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनसारख्या, १९२१ पासूनची परंपरा असलेल्या महोत्सवाचा भर नव्याने लिहून घेतलेल्या रचनांवर असतो. तिथे निवड झाली तरी रचना अजून कागदावर उतरायची असते.

दोन्ही बाबतीत उपाय एकच: प्रत्येक रचनेसाठी एक पान भरून घ्या. कालावधी, वादक किती, कोणतं वाद्य कोण आणणार, खुर्च्या, स्टँड, स्टँडवरचे दिवे, मायक्रोफोन, स्पीकर, पडदा किंवा प्रोजेक्टर, कंडक्टर (हाताने लय दाखवून वादकांना चालवणारा) आहे का, कानात ठोके ऐकवणारा क्लिक ट्रॅक आहे का. नव्या रचनेच्या करारात दोन वेगळ्या तारखा घाला. वाद्यांची आणि उपकरणांची यादी तीन महिने आधी, संहिता, म्हणजे लिहिलेलं संगीत, नंतर आली तरी चालेल. संगीतकाराने शेवटची पानं उशिरा दिली तर वादक रात्री जागून वाजवतील. पण तीन फुटी टॅम-टॅम (मोठा गाँग) आदल्या दिवशी मागितला तर मिळणार नाही.

कालावधीवर फार विसंबू नका. बारा मिनिटांची मागवलेली रचना सोळा मिनिटांची होऊन येते, हे या क्षेत्रात कुणालाच नवल वाटत नाही. शिवाय छापील कालावधीत वाद्यं जुळवणं, टाळ्या, कलाकारांचं येणं-जाणं धरलेलं नसतं. दर रचनेमागे दोन मिनिटं जादा धरा.

भाड्याने घ्यायच्या संहिता प्रकाशकाकडे दोन-तीन महिने आधी नोंदवा. भाडं भरलं म्हणजे सादरीकरणाचा परवाना मिळाला असं नाही, तो वेगळा काढावा लागतो. रचनेत इलेक्ट्रॉनिक भाग असेल तर त्याच्या फाइल संहितेसोबत आपोआप येतील असंही धरू नका. स्वतंत्र मागा आणि आल्या त्याच दिवशी उघडून पाहा.

क्रम लावताना

सगळ्यात अवजड मांडणी कार्यक्रमाच्या आरंभी किंवा मध्यंतरानंतर लगेच ठेवा. ती दारं उघडण्याआधी किंवा मध्यंतराच्या वीस मिनिटांत होते आणि कुणाला दिसत नाही. हा एक नियम पाळला तरी निम्मी अडचण संपते.

दुसरा नियम पियानोचा. मैफलीचा मोठा ग्रँड पियानो पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या आसपास वजनाचा असतो. तो संध्याकाळी एकदाच हलवायचा, शक्यतो मध्यंतरात. ज्या रचनांना पियानो लागतो त्या सगळ्या एका बाजूला आणा. ते जमत नसेल तर पियानो पहिल्यापासून मंचाच्या कडेला उभा ठेवा आणि बाकी मांडणी त्याच्याभोवती बसवा.

अवघड बदल झाकायला छोटी रचना पुढे ठेवता येते. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइखची ‘क्लॅपिंग म्युझिक’ (१९७२) दोन माणसं नुसत्या टाळ्यांवर सादर करतात. वाद्य नाही, वायर नाही, मंचाची पुढची दीड मीटर पट्टी पुरते. मात्र तेवढ्या वेळात मागे फक्त आवाज न होणारी कामं होतील: स्टँड जागेवर ठेवणं, वायर पसरणं. झांजा आणि गाँग त्यानंतरच. ध्वनिमुद्रित रचनेत मंच रिकामा असतो म्हणून तो वेळ मांडामांडीचा समजणं ही मात्र नेहमीची चूक. तिथे सभागृह अंधारात असतं आणि सगळ्यांचे कान टवकारलेले असतात. खुर्चीचा पाय घासला तरी शेवटच्या रांगेत कळतं.

जे वाद्य जुळवता येत नाही, त्याला बाकीचे जुळवा

व्हायब्राफोन, ग्लॉकेनस्पील यांच्या धातूच्या पट्ट्या कारखान्यात ठरलेल्या स्वरावरच राहतात. अनेकदा त्या ‘ए’ स्वराच्या सेकंदाला ४४२ कंपनांना, म्हणजे ४४२ हर्ट्‌झला बांधलेल्या असतात. पियानो ४४० वर लावला असेल, तर दोघं मधल्या सप्तकातला ‘ए’ एकत्र वाजवतात तेव्हा सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. वरच्या सप्तकांत ते आणखी जलद होतात. तालमीत यावर हमखास वाद होतो आणि दोष वादकांवर येतो. भाड्याने येणारं वाद्य कितीला बांधलंय ते दोन आठवडे आधी विचारून घ्या आणि पियानो त्यावर आणायला सांगा. अख्खा पियानो दोन हर्ट्‌झ चढवला की तो काही दिवस खाली सरकत राहतो. म्हणून ट्यूनरच्या किमान दोन फेऱ्या ठेवा, त्यातली शेवटची फेरी तालीम संपल्यावर.

प्रीपेअर्ड पियानो, म्हणजे तारांमध्ये स्क्रू-रबर अडकवलेला पियानो, असेल तर दुसरा पियानो लागतोच. अमेरिकी संगीतकार जॉन केजच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’साठी (१९४६–४८) ४५ स्वरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे असं सामान बसवावं लागतं. त्याला दोन-तीन तास सहज जातात. मध्यंतरात ते काढून तोच पियानो पुढच्या रचनेला देता येणार नाही. सभागृहाची लेखी परवानगी घ्या आणि ट्यूनरला हजर ठेवा. उजवं पेडल दाबून डॅम्पर (तारांवर टेकून नाद थांबवणारे तुकडे) वर घ्यायचे, प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पाचरीने तारा हलकेच विलग करायच्या आणि मग स्क्रू सरकवायचा. धातूच्या स्क्रूड्रायव्हरने तारा फाकवल्या तर त्यांवर ओरखडे येतात आणि पुढचा करार तुमच्याशी कुणी करत नाही.

ध्वनी

सिंफनीसाठी बांधलेल्या सभागृहात नाद सुमारे दोन सेकंद रेंगाळतो. व्हायोलिनला ते मानवतं. ड्रमसेट आणि स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाचा मात्र चिखल होतो. आवाज वाढवून तो साफ होत नाही, उलट बिघडतो. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर जाड पडदे सोडा, तेही तालमीआधी, म्हणजे ध्वनी अभियंत्याला खऱ्या परिस्थितीत काम करता येईल. स्पीकरची तोंडं प्रेक्षकांकडे वळवा, भिंतींकडे नको.

अंतराचा हिशेब कागदावर करा. साधारण २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास तीन मिलिसेकंद. मंचापासून २५ मीटरवर मदतीचा स्पीकर टांगला तर त्याला सुमारे ७३ मिलिसेकंद उशीर द्यायचा. वर दहा-एक मिलिसेकंद वाढवले की कानाला आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. बाल्कनीत वादक बसवायचे असतील तर हाच हिशेब उलटा चावतो. ३० मीटरवरचा ट्रम्पेट मंचावर ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक सोळांश स्वर (ठोक्याचा चौथा भाग) १२५ मिलिसेकंदांचाच असतो. तिथे ऐकून साथ करता येत नाही. वादकाला कंडक्टर दिसला पाहिजे, नाहीतर कानात क्लिक हवा.

ध्वनिफाइलचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतलेत ते, तपासा. ४४.१ किलोहर्ट्‌झची फाइल ४८ ची समजून वाजवली गेली तर स्वर जवळपास दीड अर्धस्वर चढतो आणि दहा मिनिटांचं संगीत नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपतं. अनोळखी रचनेत हे चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तालमीत घड्याळ लावून पूर्ण फाइल ऐका.

सगळ्या संध्याकाळसाठी मायक्रोफोनची एकच यादी करा. क्वार्टेटचे मायक्रोफोन मिक्सरच्या १ ते ४ वर असतील तर ते शेवटपर्यंत तिथेच, मधे दुसरं काही नाही. चॅनेल वाचवण्याच्या नादात मधेच वायर बदलली की ऐन सुरुवातीला कुणाचा तरी मायक्रोफोन मुका निघतो.

तालमीचा दिवस आणि बदलाची तालीम

तालमी उलट्या क्रमाने घ्या. शेवटची रचना सकाळी, पहिली रचना सर्वांत शेवटी. मग दारं उघडताना मंच आपोआप पहिल्या रचनेसाठी लागलेला असतो. एका रचनेची तालीम संपल्यावर काहीही हलवण्याआधी खुर्च्या आणि स्टँड यांच्या जागा जमिनीवर रंगीत टेपने आखून घ्या, प्रत्येक रचनेला वेगळा रंग. दिव्यांच्या रंगात लाल आणि केशरी टेप सारखेच दिसतात, हे मंचावरचे दिवे लावूनच बघा.

मांडणी बदलायचीही तालीम हवी, हातात स्टॉपवॉच घेऊन. चार माणसं पुरतात, पण प्रत्येकाला ठरलेलं काम हवं:

१. एकजण फक्त खुर्च्या आणि स्टँड बघतो.
२. दोघे तालवाद्यं ढकलतात. चाकांना ब्रेक लावणं हे त्यांचंच काम.
३. एकजण मायक्रोफोन आणि वायर. संहिता तो ठेवत नाही. ती शेवटी, वादकांच्या यादीवरून ग्रंथपाल (संहिता सांभाळणारा) ठेवतो.

‘तयार’ हा शब्द फक्त स्टेज मॅनेजरने उच्चारायचा. बदल चार मिनिटांपेक्षा लांबत असेल तर संगीतकाराला हातात मायक्रोफोन देऊन पडद्यापुढे दोन मिनिटं बोलायला सांगा. बदल सुरू होताच सभागृहाचे दिवे अर्धे वर घ्या. नाहीतर खुर्च्या सरकवणं हा रचनेचाच भाग असावा, अशा समजुतीने अर्धा प्रेक्षकवर्ग श्वास रोखून बसतो. समकालीन संगीतात ही शंका अगदीच अनाठायी नसते.

लॅपटॉप दोन ठेवा, दोन्हीवर तीच फाइल उघडलेली, आणि मधे एका बटणावर बदलणारा स्विच. रचना थांबवायची वेळ आली तर कुठल्या खुणेपासून पुन्हा सुरू करायची हे कंडक्टर आणि ध्वनी अभियंता यांनी आधीच संहितेत लिहून ठेवलेलं असावं.

कार्यक्रम संपल्यावर आधी मायक्रोफोन उतरवा, मग भाड्याच्या संहिता मोजून गोळा करा. वादक आपापली पानं व्हायोलिनच्या पेटीत घालून निघून जातात आणि हरवलेल्या पानांचं बिल महिन्याभराने येतं.