अर्जाची शेवटची तारीख गेली, आता काय करायचं?

जाहिरात तुमच्यापर्यंत बुधवारी पोचली आणि तिच्यात लिहिलंय, ‘अर्ज सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत’. व्हॉट्सॲपवर ती पुढे ढकलणाऱ्या मावसभावाने तारीख वाचलीच नव्हती. अशा वेळी बहुतेक जण ‘जाऊ दे’ म्हणून सोडून देतात. काही जण कसलाही विचार न करता बायोडेटा पाठवून मोकळे होतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून खट्टू होतात. मी काही वर्षं एका मध्यम आकाराच्या कंपनीत भरतीचं काम पाहिलं आहे. तारखेनंतर आलेल्या अर्जांतून आम्ही माणसं घेतली आहेत आणि तसेच अर्ज न उघडता बाजूलाही टाकले आहेत. फरक कशाने पडायचा, ते सांगतो.

पहिली पायरी: ही तारीख कुणी घातली आहे ते बघा

सगळं इथेच ठरतं. सरकारी भरतीतली तारीख नियमाने बांधलेली असते, खासगी कंपनीतली बहुतेकदा कुणीतरी सोयीसाठी टाकलेली असते. एकीचा इलाज दुसरीला चालत नाही.

एमपीएससी, यूपीएससी, रेल्वे, बँका, तलाठी किंवा पोलीस भरती असेल तर मुदत संपताच अर्जाची खिडकी बंद होते आणि ती कुणा कारकुनाच्या हातात उरत नाही. शिवाय प्रश्न फक्त अर्जाचा नसतो. पात्रताही तारखेशी जोडलेली असते. राजस्थान विद्यापीठाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलं आहे की, जाहिरातीत वेगळी तारीख दिली नसेल तर उमेदवाराची पात्रता अर्जाच्या अंतिम तारखेला पूर्ण असावी लागते, निवडीच्या दिवशी नव्हे. त्यामुळे विनंतीपत्रं, ओळखीच्या नगरसेवकाचा फोन, साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळणं यात दिवस घालवू नका. तुमचा एक अर्ज उशिरा घेतला, तर तारीख गेली म्हणून घरी बसलेल्या बाकीच्यांवर तो अन्याय ठरतो, आणि हे त्या अधिकाऱ्यालाही माहीत असतं.

तरीही सरकारी भरतीत चार गोष्टी तपासून घ्या.

पहिली म्हणजे मुदतवाढ. तुम्हाला मिळालेली जाहिरात जुनी असू शकते. २०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत अर्जाची मुदत ३१ मार्चला संपणार होती, ती १५ एप्रिलपर्यंत वाढली. यूपीएससीच्या २०२५ च्या नागरी सेवा परीक्षेची मुदत ११ फेब्रुवारीवरून १८ वर आणि मग २१ वर गेली. जो ११ तारीख बघून हळहळत बसला, त्याच्या हातात प्रत्यक्षात आणखी दहा दिवस होते. म्हणून अधिकृत संकेतस्थळावर जाऊन ‘शुद्धिपत्रक’ किंवा ‘मुदतवाढ’ असं काही लागलं आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. टेलिग्रामच्या ग्रुपवर ‘डेट वाढणार आहे, पक्की खबर’ असं रोजच कुणीतरी लिहीत असतं, त्याला अर्थ नाही.

दुसरी, अडकलेलं शुल्क. फॉर्म वेळेत भरला, खात्यातून पैसेही गेले, पण अर्जासमोर अजून ‘शुल्क भरले नाही’ असंच दिसतंय. हा उशिरा केलेला अर्ज नव्हे, त्यामुळे माफी मागत बसू नका. व्यवहार क्रमांक, बँकेच्या नोंदीची प्रत आणि पडद्याचा फोटो जोडून त्याच दिवशी मदत कक्षाला ईमेल करा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा. राज्य सरकारच्या पदासाठी चूक त्यांच्या यंत्रणेची असल्याचा असा पक्का पुरावा असेल, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पुरावा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, वकिलाची फी भरतीच्या शुल्कापेक्षा बरीच जास्त असते.

तिसरी, पोस्टाने मागवलेले अर्ज. तिथे तारीख बहुधा अर्ज पोचण्याची असते, टपालात टाकण्याची नव्हे. केंद्र सरकारच्या काही जाहिरातींत ईशान्येकडची राज्यं, लडाख, हिमाचलमधलं लाहौल-स्पिती, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप इथल्या उमेदवारांना सात दिवस जास्त दिलेले असतात. तुम्ही तिथे राहत असाल तर जाहिरातीचा शेवटचा परिच्छेद जरूर वाचा. (भामरागडहून निघालेलं पाकीटही काही लवकर पोचत नाही, पण त्या यादीत गडचिरोली नाही.)

चौथी गोष्ट कंत्राटी पदांची, आणि इथे खरोखर वाव असतो. महापालिकेचे दवाखाने, राष्ट्रीय आरोग्य अभियान, तासिका तत्त्वावरचे अध्यापक अशा जाहिरातींत कधी कधी ‘पदे भरेपर्यंत थेट मुलाखत’ असं वाक्य असतं. तसं असेल तर पहिली तारीख हुकली म्हणून काही बिघडत नाही. आस्थापना विभागाला फोन करून पुढचा वार विचारा आणि मूळ प्रमाणपत्रं, साक्षांकित प्रती नि फोटो घेऊन जा. तज्ज्ञ डॉक्टरांच्या जागा तर जाहिरातीमागून जाहिरात निघाली तरी रिकाम्या राहतात.

आणि ‘शेवटची तारीख गेली तरी बॅकडेटमध्ये अर्ज घुसवून देतो, दहा हजार लागतील’ असं सांगणारा माणूस भेटला तर तो चोर आहे. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

दुसरी पायरी: खासगी नोकरीत तारखेनंतर काय चालतं ते समजून घ्या

खासगी कंपनी, ट्रस्टची शाळा, सीएचं ऑफिस, सहकारी संस्था यांच्या जाहिरातीतली तारीख बऱ्याचदा एवढ्याचसाठी असते की बायोडेटे एकदम यावेत आणि ते एका बैठकीत बघून व्हावेत. मंगळवारी तारीख संपली म्हणून बुधवारी सकाळी कुणी गठ्ठा घेऊन बसतंच असं नाही. आमच्याकडे संबंधित विभागाचे साहेब दौऱ्यावर असले की आठवडाभर कुणी काही उघडत नसे.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर घडते. निवड होते, ऑफर लेटर जातं, आणि मग निवडलेला माणूस जुन्या कंपनीतला नोटीस पिरियड भरत बसतो. आयटीमध्ये हा काळ साठ, नव्वद दिवसांचाही असतो. एवढ्या दिवसांत त्याला जुनी कंपनी पगार वाढवून देते किंवा तिसरीकडून बरी ऑफर येते, आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन बंद लागतो. एचआरच्या माणसाला हा फोन बंद लागण्याचा अनुभव नवा नसतो. मग नवी जाहिरात देण्याआधी तो जुना गठ्ठा उघडतो. उशिरा आलेल्या अर्जाची खरी संधी ही आहे. म्हणून तारीख दोन दिवसांपूर्वी गेली असो की दोन महिन्यांपूर्वी, नीट लिहिलेला अर्ज पाठवायला हरकत नाही.

आम्ही एकदा स्टोअरकीपर असाच गमावला. पेटीत नऊ दिवस उशिरा आलेला एक मेल पडून होता. त्यात ‘पंधरा दिवसांत रुजू होऊ शकतो’ एवढं स्पष्ट लिहिलं होतं. त्याला दुपारी फोन केला, शनिवारी मुलाखत झाली. त्याच्याहून जास्त अनुभवाचा आणखी एक उशिराचा अर्ज होता, पण त्यावरचा मोबाइल नंबर नऊ आकडी होता.

पाठवण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा अजून दिसते का, ते बघा. नोकरीच्या पोर्टलवरची जाहिरात ठरलेल्या दिवसांनी आपोआप उतरते, मूळ ठिकाणी ती चालूच असू शकते. तिथला फॉर्म भरला जात असेल तर गुपचूप भरा. उशिराचा उल्लेखही नको.

तिसरी पायरी: मेलच्या आधी फोन

सोमवारची सकाळ टाळा. इतर दिवशी अकरा ते साडेबाराच्या दरम्यान ऑफिसच्या नंबरवर फोन करा. बहुतेक जण विचारतात, ‘मॅडम, उशीर झालाय, अर्ज केला तर चालेल का?’ याला ‘नाही’ म्हणणं सगळ्यात सोपं आहे, आणि तेच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा:

‘नमस्कार मॅडम, लेखापालाच्या जागेबद्दल विचारायचं होतं. अर्जांची छाननी झाली आहे का?’

हा माहितीचा प्रश्न आहे, त्याला माहितीचंच उत्तर येतं. ‘अजून नाही, पुढच्या आठवड्यात’ असं कानावर आलं की म्हणा, ‘मला जाहिरात कालच मिळाली. आज दुपारपर्यंत अर्ज पाठवला तर तुमच्याकडे पोचेल का, आणि कोणाच्या नावे पाठवू?’ नाव मिळालं तर निम्मं काम झालं. छाननी होऊन गेली असेल तर ‘पुढच्या जागेसाठी ठेवता येईल का’ एवढं विचारून फोन ठेवा.

आत कुणी ओळखीचं असेल तर त्यांना ‘शब्द टाका’ म्हणू नका, त्याने माणूस अवघडतो. मुलाखती सुरू झाल्यात का, एवढंच विचारायला सांगा आणि बायोडेटा त्यांच्यामार्फत द्या. अनेक कंपन्यांत ओळखीतून आलेला माणूस रुजू झाला की सुचवणाऱ्याला बक्षीस मिळतं, तेव्हा तुम्ही फार मोठे उपकार मागताय असंही नाही.

चौथी पायरी: अर्ज लिहिताना

वेळेवर आलेल्या अर्जात एखादं प्रमाणपत्र राहिलं तर आम्ही मागवून घ्यायचो. उशिरा आलेल्यात काही राहिलं तर तो बाजूला पडायचा. म्हणून सगळं एका पीडीएफमध्ये, आणि फाइलला ‘नवीन१फायनल’ असलं काही नाही तर स्वतःचं नाव नि पदाचं नाव द्या. उशिराचं कारण एका वाक्यात, खरं. आजी आजारी होती, वीज नव्हती, तुमची साइट बंद होती, हे सगळं वाचून वाचून एचआरची माणसं निबर झालेली असतात, आणि साइट चालू होती की बंद हे त्यांना तपासताही येतं. अर्जावर मागची तारीख टाकण्याचा वेडेपणा तर मुळीच नको. मेलवर खरी तारीख असतेच.

नमुना असा:

विषय: लेखापाल पदासाठी अर्ज (मुदतीनंतर)

महोदया,
आपल्या संस्थेतील लेखापाल पदाची जाहिरात मला काल, म्हणजे मुदत संपल्यावर दोन दिवसांनी मिळाली. आपल्या नियमात बसत असल्यास माझ्या अर्जाचा विचार व्हावा.
मी बी.कॉम. असून गेली सहा वर्षे एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहते. टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणाची तयारी ही कामे मी स्वतः करते. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. मुलाखतीसाठी या आठवड्यात कोणत्याही दिवशी येऊ शकेन.
बायोडेटा व प्रमाणपत्रे एकत्र जोडली आहेत. पद भरले गेले असल्यास अर्ज पुढील जागेसाठी नोंदीत ठेवावा, ही विनंती.

खाली नाव आणि मोबाइल नंबर. दहा आकडे मोजून.

जाहिरात इंग्रजीत असेल तर मेलही इंग्रजीत करा, पण लांबी एवढीच ठेवा. ‘नियमात बसत असल्यास’ हे शब्द वगळू नका. ते वाचणाऱ्याला अडचणीत टाकत नाहीत, म्हणूनच तो पुढे वाचतो. पूर्वसूचनेचं वाक्यही ठेवाच, कारण गळालेल्या माणसाच्या जागी कुणाला बोलवायचं हे बऱ्याचदा त्याच एका ओळीवर ठरतं.

पाचवी पायरी: नंतर

पाच-सहा कामाचे दिवस जाऊ द्या, मग त्याच मेलला जोडून दोन ओळींची एकच विचारणा करा. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर ‘मॅम, काही अपडेट?’ नको. नकार आला तर ‘कळवल्याबद्दल आभार’ एवढं उत्तर द्या. असं उत्तर देणारे इतके थोडे असतात की नाव लक्षात राहतं.

आणि सरकारी भरतीच हुकली असेल तर पुढच्या जाहिरातीची वाट बघताना कागद गोळा करून ठेवा. ऐनवेळी धावपळ होते ती फॉर्मसाठी नव्हे, दाखल्यांसाठी. स्कॅन केलेली सही आणि फोटो, अधिवास प्रमाणपत्र, जातवैधता. जातवैधतेला महिने लागू शकतात, तेव्हा जाहिरात आल्यावर त्या कामाला लागून उपयोग नाही. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावर कोणत्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतची मुदत आहे ते आजच बघा. याच वर्षीची असेल तर एप्रिल उजाडला की आधी सेतू केंद्र गाठा.